पुतळ्याभोवतीची बाग कुणाची?

पुतळ्याभोवतीची बाग हा 'सुशोभीकरणा'चा विषय आहे, चळवळीनं त्यात वेळ घालवू नये, असं आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. गावोगावच्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांचा पुतळा आणि त्याच्याभोवतीची दोन-चार गुंठे जागा हीच अनेकदा आपली म्हणता येईल अशी एकमेव सार्वजनिक जागा असते. वाचनालयाला खोली मिळत नाही, अभ्यासिकेला वीज मिळत नाही, पण पुतळ्याची जागा आपण लढून मिळवलेली असते. त्या जागेत काय लावायचं, त्याला पाणी कुठून आणायचं, फाटकाची किल्ली कुणाकडे, आत कुणी बसायचं आणि खुरपं कुणाच्या हातात, हे सगळे प्रश्न राजकीय आहेत. ते आपण सोडवले नाहीत तर ठेकेदार सोडवतो.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. दोन वर्षांपूर्वी पुतळ्याभोवतीच्या उद्यानाच्या नूतनीकरणाला निधी मिळाला आणि ठेकेदाराकडून आराखडा आला. जागा ८० फूट बाय ६० फूट, म्हणजे जवळपास साडेचार गुंठे. आराखड्यात मधोमध चौथरा, समोर कारंजं, चारही बाजूंना मिळून ३००० चौरस फूट कार्पेट लॉन. लॉनच्या कडेला कातरलेल्या दुरांट्याचं कुंपण, चार कोपऱ्यांत चार रॉयल पाम. फाटकापासून चौथऱ्यापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी हंगामी फुलांचे ताटवे. बाहेरून सहा फुटी लोखंडी जाळी, तिला एकच फाटक आणि फाटकाला कुलूप. बाक दोन. फलकही दोन: 'गवतावर चालू नये' आणि 'फुले तोडू नयेत'. आधीपासून उभी असलेली कडुनिंबाची दोन झाडं 'पुतळा झाकला जातो' म्हणून तोडायची होती.

स्मारक समितीच्या बैठकीत आराखडा टेबलावर पसरला तेव्हा बहुतेकांना तो आवडला. शहरातल्या मोठ्या बंगल्यासमोर असते तशी बाग दिसत होती. मी फक्त एक हिशेब मांडला. ३००० चौरस फूट म्हणजे सुमारे २८० चौरस मीटर. उन्हाळ्यात अशा लॉनला रोज पाच मिलीमीटर पाणी दिलं, आणि आमच्या उन्हात ते कमीच पडेल, तरी रोजचे १४०० लिटर होतात. पाच हजार लिटरचा टँकर साडेतीन दिवस पुरणार. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे ८५ हजार लिटर, म्हणजे सतरा टँकर. आमच्या वस्तीत त्याच दोन महिन्यांत नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं. बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना समोर जाळीच्या आत गवतावर टँकर रिकामा होतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ज्यानं ओंजळभर पाण्यासाठी माणसांना माणूस म्हणून उभं केलं, त्याच्याच पुतळ्याभोवती हे घडणार होतं.

ताटव्यांचा हिशेबही तसाच. दोन ताटवे, प्रत्येकी ४० फूट लांब आणि ६ फूट रुंद, मिळून ४८० चौरस फूट. हंगामी रोपं फुटाफुटावर लावतात. म्हणजे एका खेपेला ४८० रोपं, वर्षातून तीन खेपा, एकूण १४४०. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. हे चक्र कधी संपतच नाही, कारण हंगामी रोप फुलून मेलं की उपटून फेकायचं असतं. निधी पहिल्या वर्षापुरता असतो. दुसऱ्या वर्षी ताटव्यात काय दिसतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही उद्यानात जाऊन पाहा. वाळलेली काडी आणि गुटख्याची पाकिटं.

आता जरा या बागेच्या घराण्याकडे बघू. सरळ रेषा, काटकोन, कातरलेलं कुंपण, सपाट गवत, मधोमध कारंजं, ही औपचारिक बाग राजेरजवाड्यांची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची व्हर्सायची बाग आंद्रे ल नोत्रनं आखली, तिच्यातली प्रत्येक रेघ राजाच्या सत्तेची रेघ आहे. दिल्लीत व्हाइसरॉयच्या वाड्यामागे, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनामागे, लट्यन्सनं आखलेल्या बागेतही तेच, चारबागेच्या पाटांना इंग्रजी फुलांची जोड. समाजशास्त्र शिकताना थॉर्स्टीन वेब्लेनचं पुस्तक हाती आलं होतं, १८९९ सालचं, सुखवस्तू वर्गावरचं. त्यात त्यानं लॉनवरही लिहिलंय. लॉन म्हणजे मुळात गायरानच. गाय चारली तर ते आपोआप नीट राहील. पण गाय म्हटलं की उपयोग आला, काटकसर आली, म्हणून श्रीमंतांच्या हिरवळीवर गायीला बंदी. जमीन पडीक ठेवण्याची ऐपत आहे, हे दाखवण्यासाठी ती हिरवळ असते. आमच्या समितीत हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "आमच्याकडं गाय नाही ताई, शेळी हाये." सगळे हसले. पण मुद्दा पोचला.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. त्यात जात म्हणजे चारही बाजूंनी बंद करून घेतलेला वर्ग, अशी मांडणी आहे. आधी कुणी तरी आपलं दार लावून घेतं, मग बाकीच्यांना दारं लागलेली आढळतात. कातरलेलं कुंपण, जाळी, कुलूप आणि 'चालू नये'ची पाटी असलेली बाग बघताना मला हा निबंध आठवतो. ज्याला आपण गावकुसाबाहेर ठेवलं म्हणून प्रश्न विचारतो, तो कूस आपणच आपल्या पुतळ्याभोवती बांधायचा का?

इथपर्यंत बरेच जण माझ्याशी सहमत होते. खरी अडचण पुढे आली. समितीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला थांबवलं. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले हे काका. ते म्हणाले, "पोरी, तुझा हिशेब बरोबर आहे. पण चौकातल्या त्यांच्या पुतळ्याभोवती लॉन आणि कारंजं, आणि आमच्या बाबासाहेबांभोवती कोरांटी आणि गवती चहा? गरिबाला गरिबाचंच झाड, असं का? लखनौला आणि नोएडाला दगडात भव्य उद्यानं उभी राहिली तेव्हा देशभरातल्या शहाण्यांनी खर्च काढून दाखवला. त्यांच्या स्मारकांचा खर्च कुणी काढला नाही. तू त्याच शहाण्यांची भाषा बोलतेस."

हा आक्षेप हलका नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं फाटकं, उष्टं आणि उरलेलं दिलं गेलं, त्याला 'साधेपणा'चा उपदेश करणं हा अपमान असतो. बाबासाहेबांनी सूट घातला तो मिरवायला नव्हे. महारानं काय ल्यावं, काय लेऊ नये, हे ठरवणाऱ्या रूढीला ते उत्तर होतं. मी स्वतः वस्त्यांमध्ये काम करताना पाहते, की आपली माणसं विहाराच्या फरशीसाठी पोटाला चिमटा काढून वर्गणी देतात. भव्यतेची ही भूक खरी आहे आणि न्याय्यही आहे. तिला कुणी हसू नये.

पण सूटची गोष्ट नीट पाहिली तर उत्तर तिच्यातच आहे. सूटचा आकार बाबासाहेबांनी घेतला, त्याची शिस्त घेतली, रेघ घेतली. तो घालून कुणाच्या पंगतीला बसायचं, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं. बागेचंही तसंच करता येतं. आकार ठेवायचा, आतला माल बदलायचा. बागकामाच्या इतिहासात हे झालेलं आहे. ज्या लट्यन्सनं दिल्ली आखली, त्यानंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात हेस्टरकोमची बाग गर्ट्रूड जेकिल या बाईसोबत केली. दगडी रेषा, पायऱ्या, पाट त्याचे, काटेकोर. रोपांची योजना तिची. दर हंगामाला उपटून टाकायच्या फुलांऐवजी तिचा भर वर्षानुवर्षं जगणाऱ्या झाडांच्या ताटव्यांवर होता, आणि ती एकेका जातीची रोपं लांबट पट्ट्यांनी एकमेकांत मिसळून लावायची. रेघ कडक राहते आणि तिच्या आत झाडं मोकळी वाढतात. आपल्याला साहेबाची बाग उचलून आणायची नाही, तिथली झाडं आपल्याकडे जगायचीही नाहीत. पण रेघ आणि रोप या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढं त्यातून शिकता येतं.

मग आम्ही काकांसोबतच बसून आराखडा बदलला. फाटकापासून चौथऱ्यापर्यंतची सरळ वाट तशीच ठेवली. वाटेच्या दोन्ही बाजूंचे ताटवे त्याच मापाचे, विटांची सरळ कड, उजवीकडे जे लावायचं तेच डावीकडे त्याच जागी. लांबून पाहणाऱ्याला शिस्त दिसलीच पाहिजे, ही काकांची अट होती आणि ती योग्य होती. कारंजं गेलं. पाम गेले. दोन्ही कडुनिंब राहिले, त्यांच्या सावलीत मुरूम दाबून सभेपुरतं अंगण केलं. लॉनऐवजी ८०० चौरस फूट साधी हरळी, तिच्यावर चालायचं, बसायचं, पोरांनी लोळायचं. हरळी पाण्याविना पिवळी पडते, पण मरत नाही. पहिल्या पावसात पुन्हा उठते. बोधिवृक्ष चौथऱ्याला खेटून लावायचा आग्रह काहींचा होता. पिंपळाची मुळं चौथरा फोडतात, म्हणून तो ३० फुटांवर, जागेच्या कोपऱ्यात लावला.

ताटव्यांसाठी बहुवर्षायू झाडं निवडली. एकदा लावली की तीन-चार वर्षं, काही तर त्याहून जास्त जगणारी. ही झाडं दीड फुटावर लावली तर ४८० चौरस फुटांना सव्वादोनशेच्या आत रोपं लागतात, आणि तीही एकदाच. १४४० आणि सव्वादोनशे या दोन आकड्यांपुढे ठेकेदाराकडे उत्तर नव्हतं.

झाडं कुठली, हे ठरवताना खरी जाणकार माणसं समितीत नव्हतीच. समितीत अकरा पुरुष आणि एक मी. वस्तीतल्या बायांना बोलावलं तेव्हा कळलं की नर्सरीत जायची फारशी गरजच नाही. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या या बाया. कुठल्या झाडाला किती पाणी, कुठलं शेळी खात नाही, कुठलं मे महिन्यात तग धरतं, हे त्यांना तोंडपाठ. एका मावशीनं पदरातून गुलबक्षीचे कंद काढून ठेवले आणि म्हणाली, "वरून समदं वाळतंय, पण खाली गड्डा जित्ता असतोय. पाऊस पडला की आपसूक वर येतंय. ह्याला कोण मारतंय?" दीडशेवर रोपं, कंद आणि फांद्या घराघरांतून आल्या. डालड्याच्या डब्यांतून, फुटक्या घागरींतून, न्हाणीच्या मागून.

लावणी अशी केली. मेअखेर ताटवे दीड फूट खोल खणले. चौथऱ्याच्या बांधकामाचा राडारोडा निघाला, तो बाहेर काढला. आमची माती काळी, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून तिच्यात मुरूम आणि शेणखत मिसळून वाफा सहा इंच उचलला, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर जूनमध्ये लावणी. मागच्या रांगेत कर्दळ, वाळा आणि गवती चहा. मध्ये गुलबक्षी, अबोली, निशिगंध, शेवंती, मोगरा आणि निळा चित्रक. पुढे सदाफुली आणि रेन लिली. एकेक रोप सुटं न लावता एका जातीची सात-नऊ रोपं एकत्र, आणि तोच गट ताटव्यात पुन्हा पुन्हा, म्हणजे नजरेला ताल सापडतो. मोकळ्या मातीवर उसाच्या पाचटाचा थर, म्हणजे ओल टिकते आणि तण कमी उगवतं.

पोरांची एकच मागणी होती, निळी फुलं हवीत. निसर्गात निळं फूल कमीच. निळा चित्रक मिळाला. जाळी पूर्ण काढायला समिती तयार नव्हती, म्हणून तिच्यावर गोकर्ण चढवली, आणि आज ती जाळी लोखंडापेक्षा निळी जास्त दिसते. माळरानावर मिळणारं बारीक निळं फूल पुढच्या कडेला लावायचं सुचवलं, तेव्हा त्याचं नाव विष्णुक्रांता हे ऐकून गोंधळ उडाला. एकानं तोडगा काढला: "विष्णू सोडू, नुसती क्रांती म्हणू." आता वस्तीत त्या फुलाला क्रांतीच म्हणतात.

फुलांचा क्रम आम्ही आपल्या कॅलेंडरवर बसवला. ठेकेदाराच्या ताटव्यात पेटुनिया आणि पॅन्सी होती, थंडीची फुलं. मराठवाड्याच्या उन्हात ती १४ एप्रिलपर्यंत जळून जातात. म्हणजे जयंतीलाच ताटवा भकास. मोगरा मात्र उन्हाळ्याचाच, एप्रिल-मेमध्ये भरात असतो, म्हणून जयंती आणि बुद्धपौर्णिमा मोगऱ्याकडे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कर्दळ आणि अबोली. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला आणि ६ डिसेंबरला शेवंती. सदाफुली बाराही महिने. बाग आपल्या दिवसांवर आखायची, ही गोष्ट कुठल्याही आराखड्यात आपोआप येत नाही, ती आपणच आणावी लागते.

कुलपाचा वाद सगळ्यात कठीण होता. जाळी आणि कुलूप मागणारे लोक मूर्ख नव्हते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसं मारली गेली. ही आठवण आपल्या प्रत्येक वस्तीत जिवंत आहे. जाळी ही भीतीतून येते, आणि ती भीती आपण कल्पून काढलेली नाही. पण म्हणूनच विचारलं पाहिजे, की पुतळ्याची राखण नेमकी कशानं होते? रात्री निर्मनुष्य असलेल्या, अंधाऱ्या, कुलूपबंद जागेची राखण कुलूप करत नाही. जिथे पहाटे म्हाताऱ्या बाया फिरायला येतात, दुपारी सावलीत पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, संध्याकाळी बायका बसतात, तिथे शंभर डोळे राखण करतात. शेवटी तडजोड अशी झाली: चौथऱ्याभोवतीचं कठडं आणि कॅमेरा राहील, दिवे वाढतील, आणि बाहेरचं फाटक सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं राहील. 'गवतावर चालू नये'ची पाटी आली नाही.

आता त्या आक्षेपाकडे येते, जो बैठकीत कुणी घेतला नाही, पण रविवारच्या श्रमदानात एका तरुणानं घेतला. इंजिनिअरिंग झालेला मुलगा. खुरपं हातात दिलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, माझ्या आईच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून मी शिकलो. तुम्ही ते पुन्हा माझ्या हातात देता?" मला वाटतं, या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. त्याला श्रमाची महती गाऊन उत्तर देता येत नाही. श्रमाचं मोठेपण सांगणारे बहुधा दुसऱ्याच्या श्रमावर जगणारे असतात.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात भेद स्पष्ट केला होता: जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच उतरंडीतली विभागणी आहे. प्रश्न खुरप्याचा नाही. ते कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या हुकमानं, किती मजुरीवर आणि जन्मानं की निवडीनं धरलं, याचा आहे. म्हणून आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. देखभालीचं रोजचं काम ज्या दोन बाया करतात, त्यांना ठरलेली मजुरी दर महिन्याला वेळेवर, हातमोजे आणि अवजारं समितीच्या खर्चानं. दोघींना समितीवर जागा आणि मत. आणि रविवारच्या कामात पुरुषांनी यायचंच, खत टाकायला आणि खणायला नव्हे फक्त, तर खुरपायलाही. कारण आपल्याकडे खुरपं बाईचं मानलं जातं, आणि जातीच्या उतरंडीवर बोलणाऱ्या घरातही ही उतरंड शाबूत असते. तो मुलगा आता दर रविवारी येतो. त्याची आई येत नाही, ती बाकावर बसून बघते. मला हा बदल आवडतो.

फुलं आणि श्रम यांचं नातं आपल्या परंपरेत खोल आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याला फुले हे नाव पडलं ते पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या व्यवसायामुळे. त्याच जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. थेरगाथेतले सुनीत थेर तर आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या गाथेत त्यांचा पूर्वीचा व्यवसाय आहे, कोमेजलेली फुलं उचलून फेकण्याचा. दुसऱ्यांनी वाहून टाकलेल्या फुलांचा कचरा काढणारा माणूस, ज्याला बघून लोक तोंड फिरवत, तो बुद्धाच्या संघात बरोबरीनं बसला. आपल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौथऱ्याखालच्या हारांचा ढीग कोण उचलतं, ते एकदा जाऊन पाहा. तिथे सुनीत आजही झाडू घेऊन उभा आहे. 'एक वही, एक पेन' ही मोहीम म्हणूनच मोलाची आहे, आणि मुळासकट जगणारं फूल हे तोडलेल्या फुलाला दुसरं उत्तर आहे.

बौद्ध परंपरेतल्या बागांची दिशाही लक्षात घ्या. वेळुवन बिंबिसार राजाचं होतं, ते संघाला मिळालं. जेतवन राजपुत्र जेताचं होतं, ते अनाथपिंडिकानं मोहरा अंथरून विकत घेतलं आणि संघाला दिलं. वैशालीची आम्रपाली, जिला समाजानं गणिका ठरवलं, तिनं आपली आमराई दिली. प्रत्येक वेळी बाग एकाची होती ती सगळ्यांची झाली. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, जिथे नसतील तिथे आणून लावल्याची, रस्त्याकडेला विहिरी खणल्याची आणि झाडं लावल्याची नोंद आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये महाविद्यालय काढलं, त्याला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नाव दिलं नागसेनवन. वन हा शब्द त्यांनी उगाच निवडला नसणार.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या उन्हाळ्यात अबोली निम्म्याहून जास्त गेली, कर्दळीची पानं करपली, गुलबक्षी जमिनीखाली दडली. 'बाग की बोडखं रान' असे टोमणे ऐकावे लागले, आणि ठेकेदाराचे लोक मोबाईलवर फोटो फिरवत होते. बहुवर्षायू झाडांचा स्वभावच तसा. पहिलं वर्ष ती मुळं खाली सोडण्यात घालवतात, वर फारसं दिसत नाही. दुसऱ्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठवड्याच्या आत रेन लिलीनं पुढची कड भरून टाकली, मागोमाग गुलबक्षी उठली, आणि टोमणे बंद झाले. टँकर आम्हाला दोन्ही उन्हाळ्यांत मिळून पाच लागले.

येत्या पावसाळ्यात आणखी एक काम आहे. गवती चहा आणि कर्दळीचे गड्डे दोन-तीन वर्षांनी काढून फोडावे लागतात, नाहीतर मधोमध पोकळ पडतात. मावशीनं हे सांगितलं तेव्हा एका पोरानं विचारलं, "आपल्या पक्षासारखं का?" मावशी म्हणाली, "पक्ष फुटतोय तवा दोन्ही तुकडे त्याच वाफ्यात भांडत बसतेत. हे फोडून दुसऱ्या जागी लावायचं असतंय, बाळा." तेव्हा फुटलेले गड्डे शेजारच्या दोन गावांच्या विहारांना द्यायचं ठरलंय.

आपल्या चळवळीचंही हंगामी ताटव्यासारखं झालंय, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये डीजे, ऑक्टोबरमध्ये बसगाड्या, डिसेंबरमध्ये मेणबत्त्या, आणि मधल्या महिन्यांत अभ्यासिकेला कुलूप. मी उत्सवाच्या विरोधात नाही. पण ज्या पुतळ्यासमोर वर्षातून तीन दिवस गर्दी होते, त्याच्या सावलीत उरलेले ३६२ दिवस कोण बसतं, हे विचारलं पाहिजे.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, एवढं करा. आपल्या वस्तीतल्या स्मारकाची जागा फीत घेऊन मोजा. समितीला चार प्रश्न लेखी विचारा: उन्हाळ्यात पाणी किती आणि कुठून, रोपं दरवर्षी विकत घ्यावी लागतील का, काम करणाऱ्यांची मजुरी किती आणि समितीत त्यांचं मत आहे का, फाटक किती वाजता उघडतं. उत्तरं ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत वाचून दाखवा. वस्तीतल्या बायांना बोलवा, झाडं त्यांना माहीत आहेत. खणायचं काम मेमध्ये करा, लावणी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर. आणि सदाफुली, गुलबक्षी, गवती चहा लागला तर आमच्या बागेत या. फाटक सहाला उघडतं.

जयभीम!